पेशकारसाहेबांची पाण्यातली रयत

आत्ताच सांगतो. उद्यावर ठेवलं तर पोटात राहणार न्हाई आन मग मी ते नको त्या माणसाला सांगून बसंन. नको ते माणूस म्हणजे गोदाआत्या. कावून, ते पुढं येईलच. आधी पेशकारसाहेब बगा.

आमचे पेशकारसाहेब रोज सकाळी माशांची हजेरी घेतात.

थट्टा न्हाई. अंगात काळी शेरवानी, डोक्याला रुमाल, पाय मात्र अनवाणी, असे ते ओसरीवर काचेच्या पेटीपुढं उभे राहतात, रोजनामचा उघडतात आन नावं पुकारतात. "तहसीलदार." मग थांबतात. गवतातून एक जाडा मासा सावकाश बाहेर येतो, काचेपाशी तोंड उघडमीट करतो. "हाजिर," म्हणून साहेब खूण करतात. "जमादार." हा मिशावाला, तळाशी पडून असतो. "हाजिर. रयत." रयत म्हणजे बोटाएवढे चंदेरी मासे, सात. ते एका जागी थांबत न्हाईत, म्हणून तीनदा मोजावे लागतात. शेवटी पटवारी. पटवारी ही गोगलगाय. दिवसभर काचेवरून ह्या टोकाहून त्या टोकाला जाती. "जमीन मोजतोय," साहेब हळूच सांगतात. "हाक मारू नका, मोजणी चुकंल."

मी पाटोद्याच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, नायब मास्तर. साहेबांच्या घरातली बाहेरची खोली माझी. साहेब तीस साल तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे हाकिमापुढं कागद ठेवायचे आन हाकीम बोलेल ते लिवून घ्यायचे. आता वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर हायेत. बायको लई आधी गेली, मूलबाळ न्हाई. घरात त्यांची धाकटी बहीण गोदाआत्या. लहानपणी विधवा झालेली, तेव्हापासून भावाकडंच.

तीस साल कचेरीत काढल्यामुळं साहेबांना दुसरी बोलीच येत न्हाई. कागदांच्या जुडग्याला कचेरीत मिसल म्हणतात. भाजीत मीठ कमी हाय असं मी म्हणलो तरी साहेब म्हणणार, "मिसल बगून बोला, मास्तर." म्हणजे आणखी एक घास खाऊन बगा. पाऊस आला तर पावसाची "आमद" झाली. मांजर दूध पिऊन गेलं तर मांजर "फरार".

ही पेटी कशी आली ते ऐका. नोकरीत असताना साहेब एकदा कुठल्याशा मुकदम्याचे कागद घेऊन हैदराबादला गेलते. एका बड्या आसामीच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, त्यांना तीन तास बसवून ठेवलं. पुढं काचेची पेटी, आत पाणी, पाण्यात गवत आन मासे. "मास्तर," साहेब सांगतात, "तीस सालात मला लई लोकांनी बसवून ठेवलं. त्या दिवशी पयल्यांदा राग आला न्हाई."

ते डोक्यात राहिलं. वजीफ्यावर आल्यावर त्यांनी नगरहून चार काचा मागवल्या. नगर इंग्रजी मुलखात, आमी निजामाच्या, मधी करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका. नाकेदारानं गाडी अडवली आन विचारलं, काचा कशासाठी. साहेब म्हणले, माशांसाठी. नाकेदारानं कचेरीला लिवून विचारलं की माशांना काच लागती हे कुठल्या कलमात बसवायचं. त्यात काचा महिनाभर नाक्यावर पडून. साहेबांना त्याचा बिलकुल राग न्हाई. उलट कौतुक. "बंदोबस्त चोख हाय," म्हणले.

रामा सुतारानं सागवानी चौकट केली, सांध्यात राळ आन मेण कढवून भरलं. पाणी ओतलं की चारी कोपरे गळाय लागले. तिसऱ्यांदा गळाल्यावर रामा म्हणला, "सायेब, मी पेटी करतोय का पखाल, तेवढं सांगा."

"रामा, गळती कुठून हाय?"

"गळती कुठून न्हाई ते इचारा, लवकर सांगता येईल."

चौथ्यांदा टिकली. मला वाटलं आता मासे येणार. मी मदरशात पोरांना सांगूनबी बसलो. पण साहेबांचं काम असं न्हाई. आधी तळाला लाल मातीचा थर. त्यावर मांजरा नदीची वाळू, ती किती वेळा धुतली त्याला गणती न्हाई. धुवून झाली की वाटीत पाणी घेऊन उजेडात धरायचे आन म्हणायचे, "गढूळ हाय. नामंजूर." मग गवत. मांजरेच्या डोहातून दोन जातीचं आणलं, एक रिबिनीसारखं लांब, एक बारीक झुबकेदार. प्रत्येक झाडाला साहेबांनी जमीन नेमून दिली. लांब ते मागं, बुटकं ते पुढं. "उंच माणसं पुढं उभी राहिली की मागच्या गरिबाचा अर्ज हाकिमाला दिसत न्हाई," म्हणले. "मी तीस साल बगितलंय."

दुसऱ्या दिवशी निम्मं गवत वर तरंगत होतं. साहेबांनी रोजनामच्यात लिवलं, "अकरा फरार." मग आमी दोघांनी बसून एकेका मुळाला दोऱ्यानं खडा बांधला आन परत लावलं. त्यांचा हात कोपरापर्यंत पाण्यात, शेरवानीची बाही भिजलेली, आन तोंडानं, "बैस. बैस म्हणतो. जागा सरकारनं दिलीया."

त्यावरबी मासे न्हाईत. पंधरा दिवस नुसतं पाणी. "पाणी आधी रुजू झालं पायजे," म्हणायचे. "नवीन जागेवर आल्या आल्या कुणी काम करतं का?" गाव बगायला यायचं. पाटलाचा गडी आला, पेटीभोवती एक चक्कर मारली.

"सायेब, काय हाय ह्यात?"

"पाणी."

"आन?"

"सध्या पाणीच."

गड्यानं काचेला नाक लावून बगितलं. "चांगलं हाय," म्हणून गेला. बाहेर जाऊन काय सांगितलं माहीत न्हाई, पण दुसऱ्या दिवशी पाणी बगायला वीस माणसं आली.

आता गोदाआत्याचा राग. साहेबांनी गंगाराम भोयाला निरोप धाडला की मासे घेऊन ये, चांगले घे, कुणाला बोलू नको. पेटी भरली की गावाला एकदम दाखवायचं होतं म्हणून बोलू नको. गंगारामला वाटलं, साहेबांना आता म्हातारपणी खावंसं वाटाय लागलंय. बिचारा भला माणूस. त्यानं मासे साफ केले, तुकडे केले, हळद-मीठ लावलं, पानात बांधले आन गुपचूप मागच्या दारानं आला. मागच्या दारात गोदाआत्या तुळशीला पाणी घालत होती. पुडकं तिच्यापुढं ठेवून तो हळूच म्हणला, "आत्याबाई, घाबरू नगा. मी कुणाला सांगणार न्हाई."

आत्यानं त्या दिवशी तीनदा आंघोळ केली. गंगारामनं दुसऱ्या दिवशी जिते मासे आणले तरी उपयोग झाला न्हाई. ती भावाशी बोलायची बंद झाली. जे बोलायचं ते माझ्या तोंडून. साहेब दोन हातावर बसलेले असायचे आन आत्या मला सांगायची, "मास्तर, तुमच्या सायेबाला म्हणावं, ताट वाढलंय. गार झालं तर म्या तापवणार न्हाई."

साहेब मला म्हणायचे, "मास्तर, बाईंना सांगा, अर्ज पोचला."

मी दोघांच्या मधी मान फिरवून फिरवून दमलो.

दहा-बारा दिवस मासे झकास होते. मग एका सकाळी मी उठलो तर साहेब पेटीपुढं उभे, रोजनामचा मिटलेला. सगळे मासे पाण्यावर, पोट वर करून. पाणी दुधाळ झालेलं. एकटा पटवारी काचेवर वरच्या टोकाला जाऊन बसला होता.

साहेबांनी नवीन पाणी घातलं, ते बसू दिलं, गंगारामकडून दुसरे मासे घेतले. तेबी दोनेक हप्त्यांत तसेच मेले.

त्या दुसऱ्या वेळेला गोदाआत्या बाहेर आली. तिचा चेहरा बगवत नव्हता. पदर तोंडाला लावून, माझ्याकडं बगत, पण लई हळू म्हणली, "मास्तर, त्याला सांगा. ह्या घरात हत्या व्हायलीया. आणिक एकदा मेले, तर म्या लिंबागणेशला जाईन, चुलत्याकडं. गणपतीच्या देवळात झाडलोट करीन, पर हितं राहणार न्हाई."

साहेबांनी ह्या वेळी "अर्ज पोचला" म्हणलं न्हाई. ते मेलेले मासे ओंजळीनं एकेक करून बाहेर काढाय लागले. मला त्यांची लई काळजी वाटाय लागली. आत्या गेली तर ह्या घरात साहेब एकटे आन ही काचेची पेटी.

"मग मासे नकाच आणू," मी म्हणलो.

"मग ती म्हणंल, म्या बोलले म्हणून दादानं सोडलं. तेबी ओझं तिच्याच नावावर." मग रोजनामचा उघडत म्हणले, "आन मास्तर, कारण कळल्याबिगर मिसल बंद करता येत न्हाई."

म्हणून तहकीकात सुरू झाली. साहेब ओसरीवर बैठक घालून बसले आन एकेकाला बोलावलं. मांजर सुटलं, कारण मेलेला एकबी मासा खाल्लेला नव्हता. गंगाराम आला, पेटीत बोट घातलं, वास घेतला.

"सायेब, पाण्यावर तवंग हाय. तुपावाणी."

"मासे तूप कुठून आणतील? मिसल बगून बोल."

"मी नाकानं बगितलं सायेब."

तवंग म्हणल्यावर संशय माझ्यावर. मी ओसरीवर कंदील घेऊन वाचत बसायचो, त्याचं घासलेट सांडलं असणार. माझा कंदील खोलीत नजरबंद झाला. पेटीत तुळशीचं एक पानबी सापडलं, ते साहेबांनी वाऱ्याच्या नावावर लिवलं. तिसऱ्या खेपेचे मासे आले, साहेब दिवसातून चार वेळा हजेरी घ्यायला लागले आन आत्या आपलं लुगडं-भांडं एका बोचक्यात बांधून ते कोनाड्यात ठेवून मोकळी झाली.

गुन्हा सापडला तो मला. खरंच. साहेब रोजनामच्यात निजाम सरकारचे फसली महिने लिवतात, बहमन, इस्फंदार, तेच त्यांच्या हाताला बसलेत. त्या तारखांकडं कितीबी बगा, काय कळत न्हाई. एका दुपारी मला काय सुचलं कोण जाणे, मी पंचांग काढलं आन त्या दोन तारखांची तिथी बगितली. पयली खेप मेली ती द्वादशीला. दुसरी खेप, तीबी द्वादशीला. आन मी हे बगत होतो तो दिवस एकादशीचा, म्हणजे उद्या परत द्वादशी.

मी पळतच साहेबांकडं गेलो. त्यांनी दोन्हीकडं बोट ठेवून तीनदा ताडून बगितलं. मग म्हणले, "सकाळी तुमच्या खोलीत बसू."

सकाळी फटफटल्यावर आमी दोघं माझ्या खोलीच्या खिडकीला डोळा लावून बसलो. मला तर हसू आवरंना. वाटलं गल्लीतली कुणी म्हातारी येणार, तिला धरणार, गावभर सांगणार.

आली ती गोदाआत्या. आंघोळ करून, ओलेत्यानं. हातात चांदीची वाटी. एकादशीचा उपास सोडायच्या आधी ती देवाला पंचामृत दाखवती, दूध, दही, तूप, मध, साखर. ते देवाचं झाल्यावर उरलेलं घेऊन ती पेटीपुढं उकिडवी बसली. ज्या पेटीकडं ती दिवसा मान वळवून बगत न्हाई, तिच्या काचेला तिनं कपाळ टेकलं. मग वाटी हळूच पाण्यात ओतली, वरून तुळशीचं पान सोडलं.

"खा रं बाबांनो," ती म्हणली. आवाज असा, जसा मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मागले गेले, तुमी नगा जाऊ. देवाचं हाय, त्यानं बरं वाटंल. मिशावाल्या, तूबी ये. थंडी लई हाय का रं आत?"

पाणी पांढरं होत होतं. ती बगत बसली, मग पदरानं काच पुसली आन आत गेली.

मी उठलोच. "सापडलं, साहेब. आत्ता जाऊन आत्याला सांगतो, की तुमचं पंचामृतच..."

साहेबांनी माझा हात धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असंल असं वाटलं न्हाई.

"बसा, मास्तर."

"पण एक शब्द सांगितला की मासे वाचतील. बोचकंबी सुटंल."

"बसा म्हणतो."

मग ते खिडकीकडं बगत बोलले. ह्या वेळी कचेरीची भाषा नव्हती.

"गोदा तेरा सालाची होती. सासरी नवरा पटकीनं गेला. सासू म्हणली, हिनंच खाल्ला. मी गाडी घेऊन आणाय गेलतो. मांजरसुंब्याचा घाट येईपर्यंत पोरगी एक अक्षर बोलली न्हाई. घाटात मला इचारलं, दादा, म्या काय केलं? मी म्हणलो, काय न्हाई केलंस. तिला पटलं न्हाई, मास्तर. चाळीस साल झाले, पटलं न्हाई. आता तुमी तिला जाऊन सांगा की हे मासे तुझ्या हातानं मेले."

मी खाली बसलो.

तोवर साहेब उठलेबी होते. शेरवानी काढून खुंटीला अडकवली, धोतर खोचलं, माठात आदल्या दिवशीचं पाणी होतं त्यात ओंजळीनं एकेक मासा सोडला. रयत पकडताना गुडघ्यावर पडले. पेटीतलं पाणी आमी दोघांनी तांब्यातांब्यानं उपसलं, आवाज होऊ न देता. मग ते मातीची घागर खांद्यावर घेऊन मांजरेकडं निघाले. गुडघा दुखतो म्हणून हे गृहस्थ देवळाची पायरी चढत न्हाईत. मी घागर मागितली, दिली न्हाई. दुसरी घ्या म्हणले. चार खेपा झाल्या. वाटेत पाटलाच्या गड्यानं विचारलं, "सायेब, तुमी आन घागर?"

"डॉक्टरनं चालाय सांगितलंय."

"रिकाम्या हातानं चालाय सांगितलं असंल."

"मिसल बगून बोल," साहेब म्हणले आन पुढं गेले.

हजेरीला सगळे हाजिर होते. एक रयत जरा तिरकी पोहत होती, दुपारपर्यंत तीबी सुधारली. साहेबांनी रोजनामचा उघडला, तहकीकातीचा निकाल लिवला आन मला मोठ्यानं वाचाय लावला, आत ऐकू जाईल असा. "मागील दोन्ही वेळचे मृत्यू पाणी वेळेवर न बदलल्यामुळे. कसूर पेशकाराची. पेशकारास ताकीद."

आतून भांड्याचा आवाज थांबला. जरा वेळानं गोदाआत्या दारात आली. माझ्याकडं बगितलंच न्हाई. इतक्या दिवसांनी सरळ भावाला म्हणली, "दादा, तुला हजारदा सांगितलं असंल, पाणी बदलत जा म्हणून." तिनं एकदाबी सांगितलं नव्हतं. साहेबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बोचकं संध्याकाळी कोनाड्यातून निघालं आन सुटलं.

ह्याला आता बरेच महिने झाले. तेव्हापासून महिन्यातून दोनदा, द्वादशीला, आत्याची वाटी पेटीत रिकामी झाली की साहेब धोतर खोचतात. आत्याला वाटतं, देवाच्या पंचामृतानं मासे असे तुकतुकीत झालेत. गल्लीतल्या बायकांना तिनं तसं सांगितलंय. त्या आता आजारी लेकरांसाठी तिच्याकडून पंचामृत मागून नेतात, आन तिला पयल्यांदा कुणीतरी चांगल्या पायगुणाची म्हणाय लागलंय. साहेब ओसरीवर बसून हे ऐकतात आन रोजनामच्यात काहीतरी लिवल्यासारखं करतात. मी एकदा डोकावून बगितलं. कोरंच पान होतं.

मला हे तोंडानं कुणाला सांगता येत न्हाई, आत्याच्या कानावर जाईल. तिला वाचता येत न्हाई, म्हणून हितं लिवतो. तुमीच सांगा, तुमच्या घरात असं कधी झालंय का? तुमच्या हातून झालेली एखादी चूक कुणीतरी गुपचूप आपल्या नावावर लिवून घेतलीया, आन तुमी वर त्यालाच चार शब्द सुनावलेत, असं तुमाला लई उशिरा कळलंय का? आन कळल्यावर तुमी त्या माणसाला जाऊन काय म्हणलात?